तिच्या तोंडात घास हाय

जावयाच्या आहेराला नाक मुरडायचं नसतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जावयानं दिलेली वस्तू दर्शनी जागी ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, आणि ती बिघडली तरी तो येणार म्हटलं की पुसून पुन्हा मांडायची. मी सगळं आयुष्य शाळेत पोरांना शहाणं करण्यात घालवलं. पण ह्या बाबतीत माझं शहाणपण चुलीत गेलं होतं.

भालकीत आम्ही घर बांधलं तेव्हाची गोष्ट. भंतेजींनी वंदना घेतली, खीर झाली, आहेर झाले. भिंतीवरची घड्याळंच इतकी आली की न्हाणीघरातसुद्धा एक टांगावं लागलं असतं. माझ्या भावाचा, जनवाड्याच्या धम्मानंदचा जावई अमरदीप कलबुर्गीहून मोठं खोकं घेऊन आला होता. त्यात रंग बदलणारे बल्ब होते आणि बोलणारा एक गोल डबा. शर्टाच्या बाह्या दुमडून तो स्वतः स्टुलावर चढला. हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, असे बल्ब बसवले. डबा स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर ठेवला. घरात तेव्हा इंटरनेट आलेलं नव्हतं, म्हणून त्यानं सगळं स्वतःच्या मोबाईलच्या नेटला जोडून दाखवलं.

"मामा, तुमचं नेट आलं की त्याला माझ्या मोबाईलचंच नाव द्या अन् पासवर्डपण तोच," त्यानं माणिकरावांना सांगितलं. "म्हंजे पुन्यांदा काय जोडायचं काम न्हाई. आपोआप वळखतंय."

माणिकराव म्हणजे माझे यजमान. साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. बटण असलेली कुठलीही वस्तू दिसली की विरघळतात. त्यांनी अगदी सांगितलं तसं केलं. दिवेलागणीला डबा आपोआप बुद्धवंदना लावायचा, तेव्हा ते डोळे मिटून म्हणायचे, "जावयानं घरात धम्म आणला बग."

डब्याला आमची भाषा मात्र कळायची नाही. माणिकराव त्याला म्हणायचे, "लाईट बारीक कर की रं," आणि तो त्यांना भलत्याच गावाचं हवामान सांगायचा. आम्ही पोट धरून हसायचो. ह्याला आपली मराठी समजत नाही, कानडी तर त्याहून नाही, असं आम्ही धरून चाललो आणि त्याच्यापुढं काय वाट्टेल ते बोललो. दुखणी, भांडणं, भावकीतली उणीदुणी. कधीकधी त्याच्या कडेनं हिरवा उजेड फिरायचा. माणिकराव म्हणायचे, चार्ज व्हायलाय.

थंडी सुरू झाली आणि एके दुपारी शिवकन्या दारात उभी राहिली. माझी भाची, म्हणजे अमरदीपची बायको. खांद्याला एक पिशवी, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतील इतका हात वाळलेला. लग्नाआधी ही पोरगी बिदरच्या दवाखान्यात नर्स होती, दोन-दोन पाळ्या करून हसत घरी यायची.

"आत्या, जनवाड्याला सांगू नका," ती म्हणाली. "बाबा मलाच गाडीत बसवून परत सोडून येत्याल."

मी माझ्या भावाला चांगली ओळखते. तो तसंच करणार. म्हणून आम्ही कुणाला कळू दिलं नाही. ती हैदराबादला मैत्रिणीकडं गेलीय, एवढंच तिनं घरी कळवलं होतं. आम्ही खिडक्या लावून घेतल्या. दिवसासुद्धा हॉलमधला बल्ब चालू ठेवायचो.

काय झालं म्हणून मी विचारलं. ती सांगेना. फक्त म्हणाली, "आत्या, त्यो मारत न्हाई." आणि ओल्या तुरीची आमटी करा म्हणाली. केली. पोरगी दुष्काळातून आल्यासारखी जेवली.

दुसऱ्या दिवशी अमरदीपचा फोन. आवाज नेहमीसारखाच गोड.

"जय भीम आत्या. शिवकन्या तिकडं आली न्हाई न्हवं?"

"न्हाई बापू. इकडं कुठली येतीय?"

"बरं बरं. सहज इचारलं." मग म्हणाला, "तुरीची आमटी झाक झाली आसंल. पर तिला तिखट सोसत न्हाई, तेवढं बगा."

फोन ठेवला. मग संताप आला. आमच्या मागच्या अंगाला नागूबाईचं घर. तिचा आणि आमचा परसू एकच, आणि तिची बहीण कलबुर्गीला दिलेली. हिनंच तोंड उचकटलं, असं मी ठरवलं आणि भर परसात तिला चहाडखोर म्हणाले. नागूबाईनं धुतलेलं पातेलं उपडं घातलं आणि आत गेली. तिच्यावर विनाकारण तोंड टाकलं, ह्याची मला आजही लाज वाटते.

कारण चहाडी नागूबाई करतच नव्हती.

ते कळलं त्या दिवशी आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो होतो. शिवकन्या तुरीच्या शेंगा सोलत होती. माणिकराव कारखान्यातल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करत होते आणि ती हसली. आली तेव्हापासून पहिल्यांदा, खळखळून. आणि डोक्यावरचा पांढरा उजेड पिवळा झाला. एकदम नाही. हळद कालवलेलं पाणी हळूहळू फरशीवर पसरावं, तसा भिंतींवरून उतरत गेला.

शिवकन्येचं हसू जागीच मेलं. ती पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी बसली. आम्ही दोघं वर बघत होतो. ती वर बघतसुद्धा नव्हती. थोड्या वेळानं बल्ब पुन्हा पांढरा झाला.

तेव्हा ती मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली, आणि तिथं बोलली.

"तिकडं असंच हाय आत्या. त्यो हापिसात असतोय. मी शेजारणीसंगं हसले की बल्ब पिवळा. फोनवर लई बोलले की पिवळा. गप बसले की पांढरा. घरी आला की एक शब्द बोलत न्हाई. वरडत न्हाई, मारत न्हाई. म्या सांगू कुणाला अन् काय? बल्ब पिवळा व्हतोय म्हणून सांगू?"

"अगं, पर हितलं त्याला कसं कळतंय?"

"त्यो डबा. हिरवा झाला की त्यो ऐकायलाय."

आम्ही डब्याच्या नावानं हसत होतो, ह्याला आपली बोली कळत नाही म्हणून. डब्याला नव्हतीच कळत. पण डब्याच्या पलीकडं जो बसला होता तो इथलाच होता. त्याला आमची मराठी कळत होती, कानडी कळत होती, आणि न बोलता टाकलेला उसासाही कळत होता.

"गेल्या साली म्या हुमनाबादला मैत्रिणीकडं पळून गेले व्हते," ती सांगत होती. "त्यो दारात आला न्हाई. रस्त्याच्या पलीकडं हातात मोबाईल धरून उभा राहिला. हाकपण मारली न्हाई. मीच चप्पल घातली अन् खाली उतरले. कामून उतरले, मला कळत न्हाई आत्या. त्यो दिसला की माझे पाय माझे राहत न्हाईत. ह्या बारीला गेले तर पुन्हा यायची न्हाई मी."

माझा जीव तुटला. खाली येऊन मी नेटचा डबा भिंतीवरून उपटला, वायर गुंडाळली आणि गोधड्यांच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. बोलणारा डबा तांदळाच्या पिंपात पुरला. पोलिसांत जावं म्हटलं तर माणिकराव म्हणाले, "तिथं काय सांगावं? जावई बल्बचा रंग बदलायलाय म्हणून?" बल्ब मात्र तसेच राहू दिले. नेट नाही तर तो साधा बल्बच, आणि उजेड तर लागतोच.

मग घर खरंच शांत झालं. दिवेलागणीला वंदना माणिकराव स्वतः म्हणू लागले, बेसूर, पण स्वतःच्या तोंडानं. शिवकन्येनं माझ्या फोनवरून लातूरला तिच्या जुन्या सिस्टरशी बोलून नोकरी ठरवली. दवाखान्यातच राहायची खोली होती. हे सगळं ठरलं ते नेट पेटीत गेल्यानंतर, त्यामुळं लातूरचं नाव त्या भिंतींनी ऐकलं नव्हतं. त्या एवढ्याच गोष्टीवर पोरीचं पुढचं आयुष्य उभं होतं.

निघायच्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात वेणी घालत होती. पिशवी भरलेली. उदगीरची गाडी धरायची, तिथून लातूर. मी हॉलमध्ये पाण्याची बाटली भरत होते आणि माझ्या हातावरचा उजेड पिवळा झाला.

"नेट चालू केलाव काय हो?" मी माणिकरावांवर खेकसले.

"म्या कामून करू?" ते पेटीकडं धावले. कुलूप काढलं. गोधड्यांखाली नेटचा डबा होता तसाच, थंडगार, वायर गुंडाळलेली.

आम्ही दोघं पेटीपुढं उभे, वर पिवळा बल्ब. माझ्या मनात नाही नाही ते आलं. आयुष्यभर भुताखेतांना हसणारी बाई मी, पण त्या क्षणाला वाटलं, हे घरच त्याचं झालंय. विटा, सिमेंट, सगळं.

शिवकन्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक, पण आवाज शांत होता.

"मामा, तुमच्या नेटचं अन् त्याच्या मोबाईलचं नाव एकच हाय न्हवं? पासवर्डपण एकच. बल्बला त्याचा मोबाईल गावलाय. मोबाईलचं नेट लई लांब जात न्हाई, आत्या. त्यो हितं हाय. भिंतीच्या पलीकडं."

तेवढ्यात परसातल्या दाराची कडी वाजली. पण ती नागूबाई होती. माझ्याशी अबोला धरलेला, तरी आली होती.

"अक्का," ती धापा टाकत म्हणाली, "तुमचा त्यो कलबुर्गीचा जावई म्होरच्या अंगाला लिंबाखाली उभा हाय. हलंना, बोलंना. नुसता मोबाईल बगायलाय."

पुढं आहे, म्हणजे मागून निघता येईल. स्वयंपाकघरातला बल्ब अजून पांढरा होता. त्याचा मोबाईल तिथवर पोचत नव्हता. मी शिवकन्येची पिशवी उचलली, परसाचं दार उघडायला हात घातला, आणि स्वयंपाकघर पिवळं झालं.

तो घराला वळसा घालून मागच्या गल्लीत आला होता. बल्ब पिवळा करून तो तिला सांगत होता, मी इथं आहे, ये. पण ते सांगताना आम्हालाही सांगत होता, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पुढचं दार मोकळं झालं होतं.

नागूबाईला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं कोपऱ्यातला दळणाचा डबा शिवकन्येच्या डोक्यावर दिला, तिचा पदर पुढं ओढला, स्वतः एक गठुडं काखेत मारलं. "दोघी गिरणीला जायलाव," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडं बघून, "चहाडखोर म्हणलाव न्हवं मला? आता चहाडखोरच नेती बगा तुमच्या लेकीला."

शिवकन्या मात्र हलेना. तिची नजर त्या पिवळ्या उजेडावर खिळली होती आणि पाय परसाच्या दाराकडं वळलेले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मी तिच्या पाठीत जोरात हात घातला. आयुष्यात कधी तिला मारलं नव्हतं. ती दचकली, मला एकदा घट्ट धरलं, आणि नागूबाईच्या मागं उंबरा ओलांडून गेली.

आता तिची गाडी सुटेपर्यंत त्याला मागच्या गल्लीत थांबवायचं होतं. कसं, ते मला सुचेना. मग सुचलं. मी तांदळाच्या पिंपात हात घातला, डबा उकरून काढला, फ्रिजवर ठेवून प्लगमध्ये लावला. तो थोडा वेळ नुसता बसून राहिला. मग त्याच्या कडेनं हिरवा उजेड फिरू लागला.

मी पाट मांडला. ताट वाढलं. भाकरी, आमटी, कांदा. रिकाम्या पाटापुढं बसले आणि बोलायला लागले.

"बस ग शिवकन्या. कुठं जायची घाई हाय? आदी जेव. भाकर गरम हाय." माझ्या आवाजाला कंप सुटला होता, तो मी रागावल्यासारखं करून झाकला. "एवढीच आमटी? अजून घे."

माणिकराव दाराला टेकून माझ्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तेही बोलले, "पोरी, लोणचं घे की."

कुणीच जेवत नव्हतं. आमटीवर पापुद्रा धरला. मी बोलत राहिले, मराठीत, कानडीत, जनवाड्याच्या गोष्टी, तिच्या लहानपणीच्या. मध्येमध्ये थांबायचे, तिनं उत्तर दिल्याइतका वेळ. त्या थांबण्यात वाटायचं, खरंच कुणीतरी पाटावर बसलंय, आणि मला तिथं बघायची भीती वाटू लागली.

आणि डबा बोलला. यंत्राच्या आवाजात नाही. अमरदीपच्या, गोड, हलक्या आवाजात.

"आत्या, तिला बोलू द्या की."

माणिकराव भिंतीला धरून खाली बसले. तिचं आयुष्य त्या एका उत्तरावर होतं.

"तिच्या तोंडात घास हाय, बापू," मी म्हणाले.

नुसता हिरवा उजेड फिरत राहिला.

"जेवू द्या मग," तो म्हणाला. "मी हाय हितंच."

दिवेलागण झाली तशी डब्यानं आपणहून वंदना लावली. ती संपायच्या आत नागूबाई आली, हातात दळणाचा रिकामा डबा. तोंडानं काही न बोलता तिनं हातानं गाडी गेल्याची खूण केली. मी पदर तोंडात कोंबून रडले, आवाज न करता.

तो त्या दिवशी दार न वाजवताच कलबुर्गीला परत गेला. तो दार वाजवत नाही. तिनं आपल्या पायानं यावं, ह्याची तो वाट बघतो. आणि जोवर ती इथं आहे असं त्याला वाटतंय, तोवर तो लातूरला कुठल्या रस्त्याच्या पलीकडं उभा राहणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच पेटी उघडली, नेटचा डबा काढून भिंतीवर लावला आणि चालू केला. माणिकरावांनी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हापासून रोज दुपारी मी दोन ताटं वाढते. "ये ग शिवकन्या," म्हणते. बल्ब पिवळा होतो. मी बोलते, माणिकराव बोलतात, जेवण होतं, मी ताट उचलते, बल्ब पांढरा होतो. तो पुन्हा कधी बोलला नाही. त्याला हे खरं वाटतं, की तोही माझ्यासारखंच नाटक करतोय, ते मला कळत नाही. शिवकन्येशी मी बोलते ती नागूबाईच्या घरात, तिच्या फोनवरून. आवाजात जीव आलाय पोरीच्या. परवा हसली. खळखळून. मी सवयीनं वर बघितलं. नागूबाईकडं साधी ट्यूबलाईट आहे.

आज दुपारी मी ताटं वाढली. "ये ग शिवकन्या," म्हणाले. बल्ब पांढराच राहिला. मला वाटलं, नेट गेलं. माणिकरावांनी बघितलं, नेट चालू होतं. मी मोठ्यानं बोलले. भांडी आपटली. ताट उचलून पुन्हा वाढलं. पांढराच.

तो ऐकत नव्हता. ऐकत नाही तर मग तो कुठं आहे? कुठल्या रस्त्याच्या पलीकडं, कुठल्या दवाखान्यापुढं? ज्या रंगानं माझ्या लेकराचं रक्त आटवलं, तो रंग मी देवापुढं बसल्यासारखी मागत होते, मी, जिनं देव मानला नाही. "व्हय की रं पिवळा," मी त्या बल्बला म्हणत होते. "व्हय की बाबा. एकडाव व्हय."

नागूबाईकडं फोन करायला पळावं म्हणून मी उठले, तोच ताटातल्या भाकरीचा रंग बदलला.

मी परत बसले. छाती धाडधाड उडत होती. आनंदानं, हे सांगायला मला शरम वाटते. मी ग्लासात पाणी ओतलं आणि रिकाम्या पाटापुढं सरकवलं.

"किती उशीर केलीस ग," मी म्हणाले. "बस. जेव आता सावकाश."